आधी पीएच, मग बी

आम्ही जुन्या शाळेतली माणसं आता भेटतो ती कुणाच्या तरी पोराच्या लग्नात, नाहीतर कुणाच्या दुखवट्याला. दुखवट्यालासुद्धा थोड्या वेळाने आमच्यातलं कुणीतरी तोंडाला रुमाल लावून हसत असतं आणि घरची माणसं आमच्याकडे डोळे वटारून बघतात. कारण ठरलेलं. गायकवाड सरांचा विषय निघालेला असतो. ह्या माणसाचे किस्से आम्ही काही मुद्दाम जमवले नाहीत हो. कार्यघरी दारात चपला साचतात तसे ते साचत गेले, आणि आता एक ओढायला गेलं की त्याखालून चार निघतात.

शाळा आमची शहापूर तालुक्यात, शेणव्याच्या आसपास. नेमकं गाव सांगत नाही, हेडसर अजून हयात आहेत. काळ नव्वद सालानंतरचा. गावात फोन एकच, वाण्याच्या दुकानात. गायकवाड सर विज्ञान शिकवायचे, विशे सर पी.टी. घ्यायचे, मी मराठीची बाई. आणि ह्या सगळ्यात जिचा खरा जीव मेटाकुटीला आला ती शोभावहिनी, गायकवाड सरांची बायको.

*

त्या वर्षी परीक्षा संपता संपता सर सेंद्रिय शेतीच्या कसल्याशा शिबिराला गेले आणि येताना रंग बदलणाऱ्या कागदाच्या पट्ट्या घेऊन आले. स्टाफरूममध्ये टेबलावर त्यांनी आम्हाला प्रात्यक्षिकच दिलं. माती पाण्यात कालवायची, त्यात पट्टी बुडवायची, रंग बघायचा. सात आला तर माती मध्यम. सातच्या खाली आंबट, सातच्या वर खारी. ह्याला म्हणायचं पीएच.

"आणि हा कळल्याशिवाय बी टाकायचं म्हणजे," सर म्हणाले, "ताप न बघता इंजेक्शन टोचायचं."

विशे सर पाय पसरून शेंगदाणे खात होते. म्हणाले, "मंग आपल्या हेडसरांचा पीएच सात."

"तो कसा काय?"

"कधी कुठल्या बाजूला गेलेले बघितलेत का?"

हेडसर दारातच उभे होते. मी तर वह्यांत डोकं घातलं. हेडसरांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला पुसला, परत घातला. एकदा गायकवाड सरांकडे बघितलं, एकदा विशे सरांकडे.

"दोघांचंही बरोबर आहे," म्हणाले, आणि गेले.

*

बुद्धपौर्णिमेला मी गायकवाडांकडे खीर खायला गेले होते. वाण्याचा माणूस धावत आला, कल्याणहून फोन. सरांची मुलगी वैशाली कल्याणला दिलेली. सर आणि वहिनी दोघं पळाले, मागोमाग मी पण. चौकशी नको का करायला?

वैशालीला दिवस गेले होते. बातमी आनंदाचीच, पण पोरीच्या पोटात पाणी ठरत नव्हतं. डॉक्टर म्हणाले होते, रक्त कमी आहे, पालेभाजी खा. आणि बाजारातली पालेभाजी समोर आली की तिला फवारणीच्या औषधांचा वास यायचा आणि ती ताटावरून उठायची. तिला हवा होता आईच्या परसातला लाल माठ. दुसरं काहीही नको.

सरांनी वहिनींच्या हातातला फोन जवळजवळ हिसकावलाच. "वैशू, तू सातव्यात ये. बाजारची एक काडी तुझ्या ताटात पडणार नाय. सगळं परसातलं. माझा शब्द."

बाहेर येता येता वहिनी म्हणाल्या, "पाऊस पडला का लगेच टाकते माठ. दरवर्षी टाकते तसा."

सर रस्त्यात थांबले. "शोभा, हे दरवर्षीसारखं नाय. आधी पीएच, मग बी."

*

वहिनींची दरवर्षीची पद्धत म्हणजे अशी की शेणखत टाकायचं, पालापाचोळा टाकायचा, घरातलं भाजीचं देठ-साल टाकायचं, वर बी भुरभुरायचं आणि आपल्या कामाला लागायचं. त्यात गावजेवणाला पुरेल एवढा माठ यायचा. हे सगळं सरांनी बंद केलं. परसात फडका बांधलेली काठी रोवली आणि सांगितलं, काठीच्या आत कोणी पाय टाकायचा नाही.

मातीचा पहिला नमुना सरांनी घेतला तो नेमका कोपऱ्यातून, सोयीचा पडला म्हणून. आता आमच्याकडे भाताची रोपं करायची तर आधी त्या जागेवर शेण, पाला, फांद्या पसरून जाळतात. त्याला राब म्हणतात. वहिनींनी त्याच कोपऱ्यात आठवड्यापूर्वी राब भाजला होता. म्हणजे सरांनी नमुना म्हणून डबीत भरली ती माती कमी आणि राख जास्त. पट्टी बुडवली तर शाईसारखी निळी.

सरांनी अन्न सोडलं. "जमीन गेली, बाई. पूर्ण खारी झालीय."

मी म्हटलं, "अहो सर, ती राख आहे."

"राखेखाली काय आहे कोणी बघितलंय?"

मग माती आंबट करायचा उद्योग सुरू झाला. घरातलं ताक गेलं, चिंचेचा कोळ गेला, आमसुलं भिजवून त्याचं पाणी गेलं. माझ्या बरणीतलं लिंबाचं लोणचं मागायला आले होते, मी दार लावून घेतलं. एका रविवारी त्यांच्याकडे गेले तर वहिनी रिकामी हंडी पालथी घालत होत्या.

"कढीला ताक होतं ना वहिनी?"

"होतं," वहिनी म्हणाल्या. "माती जेवली आमची. आमी चहा पितो."

*

दुसरा नमुना सरांनी कुठून घ्यावा? जिथं ताक ओतलं होतं तिथूनच. "उपचार केला तिथंच तपासायला हवं," म्हणे. पट्टी लालभडक आली. आता जमीन आंबट झाली.

आंबटाला उतारा चुना. शाळेची रंगसफेदी नुकतीच झाली होती, मागच्या खोलीत चुन्याची पिंपं उरली होती. हेडसरांना विचारलं. हेडसर म्हणाले, "न्यायला हरकत नाही, तशी हरकत आहेही." सरांनी पहिलं अर्धं वाक्य ऐकलं.

आता मजा बघा. वहिनी काही गप्प बसलेल्या नव्हत्या. पहिल्या सरींनंतर काठीच्या आत हात घालून त्यांनी गुपचूप माठाचं बी टाकलं होतं, आणि ते उगवलंही होतं. बोटभर लाल लाल रोपं, बघून वहिनी नुसत्या फुलल्या होत्या. आणि त्याच दिवशी सरांनी उघडीप बघून सगळ्या परसावर चुना ओतला. त्या रोपांसकट.

मी गेले तेव्हा वहिनी ओट्यावर बसल्या होत्या आणि परस पांढरंफटक. दोघं नवराबायको एकमेकांशी बोलत नव्हती. तेवढ्यात विशे सर सायकलवरून आले, कुंपणावरून आत डोकावले आणि बराच वेळ गंभीरपणे बघत राहिले.

"सर," म्हणाले, "खोखोचं मैदान चांगलं आखलंय. पण खांब कुठायत?"

वहिनींना हसू आवरेना. हसता हसता त्यांनी पदर तोंडात कोंबला आणि मग त्या रडायलाच लागल्या. सरांनी मुकाट्याने उठून त्यांना पाण्याचा तांब्या आणून दिला. पण चुना मात्र झाडला नाही.

*

श्रावणात आम्ही स्टाफची सहल काढली, सिद्धगडाच्या पायथ्याला. सगळे धबधबा बघतायत आणि गायकवाड सर जंगलात उकिडवे बसून पाचोळ्याखालची माती उकरतायत. त्यांचं म्हणणं असं की ह्या रानाला कोणी खत घालत नाही, कोणी पाणी घालत नाही, तरी ते एवढं माजलंय. म्हणजे ही आदर्श माती. हिचा पीएच काढायचा आणि आपल्या परसाचा तेवढाच करायचा. मी म्हटलं, "सर, रानाने तरी कुठे पीएच काढलाय?" त्यांना ते ऐकूच आलं नाही. ती काळी, ओलसर, भुसभुशीत माती त्यांनी घातली आपल्या डब्याच्या वरच्या पुडात आणि डबा बंद केला.

परत येताना जीपमध्ये भुका लागल्या. ज्याच्याकडे जे उरलं होतं ते निघालं. हेडसरांकडे नाचणीची अर्धी भाकरी होती. त्यांनी शेजारचा डबा उघडला आणि त्यांचा चेहरा खुलला.

"अरे वा, खुरासणीची चटणी."

कोणी काही म्हणायच्या आत भाकरीच्या तुकड्यावर चांगली चिमूटभर घेऊन तोंडात टाकली. हेडसर चावत राहिले. विचार करत राहिले.

"जरा कचकचते," म्हणाले. "पण घरची आहे, चांगली आहे."

मी गायकवाड सरांकडे बघितलं. वाटलं, आता हा माणूस लाजेने जीपमधून उडी टाकणार. कसलं काय. सर पुढे सरकले, हेडसरांचा दंड धरला आणि जीव तोडून विचारलं,

"सर, आंबट लागली का तुरट? गिळू नका, नीट सांगा."

*

विशे सरांचं परस आमच्या वाटेवरच. तिथं शिस्त नावाची गोष्ट नाही. म्हशीचं शेण एका बाजूला टाकलेलं, त्यावर पाचोळा, त्यावर चुलीतली राख, त्यावर काल रात्रीचं काय उरलं असेल ते, आणि ह्या सगळ्यात वांग्याची झाडं. वांग्यांनी ती झाडं जमिनीला टेकलेली. तण काढायचं विशे सरांना आठवत नसे. पाणी घालायचं काम पाऊस करी.

एक दिवस गायकवाड सर पट्ट्या घेऊनच तिथं गेले. विशे सरांनी आधी त्यांच्या हातात वांग्यांची पिशवी दिली, म्हणाले, "घरी न्या." मग सरांनी माती कालवली, पट्टी बुडवली, उजेडात धरली, परत बुडवली. चेहरा पडला.

"विशे सर, वाईट बातमी आहे."

"बोला."

"ह्या मातीत वांगं येणं शक्य नाय."

पिशवी त्यांच्या हातात होती. पिशवीच्या कडेतून दोन वांगी बाहेर आली होती. विशे सरांनी ती आत ढकलली आणि हळू आवाजात म्हणाले, "सर, एवढं वांग्यांना सांगू नका."

*

मी मात्र आता चिडले होते. हसायचं किती? भाद्रपद निघून चालला होता, वैशाली सातव्यात यायची होती, आणि परसात काठी, फडका आणि चुन्याचे डाग. माझ्या घरामागे मी गवताचा, शेणाचा ढीग कुजवून त्यावर माठ टाकला होता, गुडघाभर झाला होता. मी काही कोणी तज्ज्ञ नाही. व्याकरण शिकवते.

ऑफ तासाला स्टाफरूममध्ये आम्ही दोघंच होतो. मी सरळ विचारलं, "सर, तुम्ही बी का टाकत नाही? पोरगी येईल आणि तिच्यापुढे पट्ट्या वाढणार का?"

सरांनी रागवावं असंच मी बोलले होते. पण ते रागावले नाहीत. हातातला खडू मोडत राहिले.

"बाई, वैशूच्या वेळी शोभाला रक्त कमी होतं," म्हणाले. "शेणव्याहून बैलगाडीत घालून शहापूरला नेली. वाटेत ती बोलायची बंद झाली. मी नुसता हात धरून बसलेलो. मला काय करता येत नव्हतं. आता पोरीला तेच सांगितलंय डॉक्टरनी. तिथं कल्याणला मला कोण काय विचारतंय? काय मोजतात, काय लिहितात, मला कळत नाय. हे एक मला मोजता येतं. ते तरी चुकायला नको."

सगळा चेष्टेचा विषय, आणि हा माणूस वैशाखापासून नुसता घाबरलेला होता. पोरीला काही होईल म्हणून घाबरलेला. घंटा झाली, ते तासाला गेले. विशे सरांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी हातातले शेंगदाणे परत खिशात टाकले.

*

आणि मग तो शनिवार.

वैशालीचा फोन आला की पुढल्या महिन्यात नाही, उद्याच येते, मला घ्यायला या. सर सकाळची शाळा करून तसेच कल्याणला निघाले. जाताना परसाकडे एकदा बघून गेले. चेहरा असा, की कुणी बघू नये. त्यांनी काही पेरलं नव्हतं, आणि आता पेरून काय उपयोग?

दुपारी मी माझा माठ मातीच्या ढेकळांसकट उपटला, घमेल्यात भरला आणि गायकवाडांकडे निघाले. मनात म्हटलं, कोणाला कळायच्या आत लावून येऊ. पोचते तर विशे सर आधीच काठीच्या आत. बनियनवर, चिखलात, शेजारी गोणपाटावर वांग्याची झाडं, वांग्यांसकट. एवढंच नाही, म्हशीचं शेणही आणलेलं, चुन्याचे डाग झाकायला.

"तुमी कशाला आलात?" ते मलाच विचारतात.

"तुम्ही कशाला आलात?"

वहिनी घरातून आल्या त्या ओच्यात बाजारातल्या माठाच्या जुड्या लपवून. मुळांसकटच्या जुड्या. "ह्याच लावाव्या म्हटलं," म्हणाल्या आणि आम्हाला बघून मटकन खालीच बसल्या. मग आम्ही तिघं असे हसलो की कुंपणावरचा कावळा उडाला. वहिनींच्या जुड्या मी चुलीकडे पाठवल्या. बाजारच्या माठाने पोरीची फसवणूक कशाला, माझा होता ना बिनऔषधाचा.

आम्ही ओळीने लावत सुटलो. कोणी खड्डा मोजला नाही, कोणी अंतर मोजलं नाही. शेण, पाचोळा, झाड, माती, तांब्याभर पाणी. विशे सरांनी सरांची काठी उपटून एका वाकलेल्या वांग्याला आधार दिला.

तेवढ्यात हेडसर. ती गल्ली गायकवाडांच्या घरापाशीच संपते, पुढे रस्ताच नाही. तरी हेडसर म्हणाले, "सहज चाललो होतो." काखेत पिशवी, पिशवीत दुधी. त्यांच्या मांडवावरचा, लांबलचक.

"सर, हा तर तोडलेला आहे," मी म्हटलं. "लावायचा कसा?"

हेडसर विचारात पडले. कुंपणावर घोसाळ्याचा रानटी वेल चढलेला होता. विशे सरांनी त्याच्याकडे बघितलं, दुध्याकडे बघितलं, गळ्यातली शिट्टी काढून खिशात टाकली आणि शिट्टीच्या निळ्यापांढऱ्या दोरीने तो दुधी घोसाळ्याच्या वेलाला बांधला.

"हे बरोबर नाही," हेडसर म्हणाले. थोडं मागे जाऊन बघितलं. "पण जरा डावीकडे घ्या."

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी बाजू सांगितली.

रविवारी दुपारी आम्ही सगळे गायकवाडांच्या ओट्यावर सहज बसलो होतो. जीप थांबली. वैशाली उतरली, सुकलेली, डोळे खोल गेलेले, पोट तेवढं पुढे. मागून सर, तिची पिशवी घेऊन, मान खाली. वाटेत त्यांनी तिला सगळं सांगून टाकलं असावं. "वैशू, परसात काय नाय गो," एवढं शेवटचं वाक्य आम्ही ऐकलंच.

ती तरी परसाकडे गेली. माहेरी आल्यावर आधी तिकडेच जायची सवय. आणि तिथून हाक मारली, "बाबा."

सर धावले, आम्ही मागून. सर काठी होती तिथं येऊन थांबले. समोर लाल माठ, वांगी, वांग्यांना फळं. उन्हाने जरा माना टाकल्या होत्या, पण उभं होतं सगळं. सरांनी ते बघितलं. आपल्या काठीला टेकलेलं वांगं बघितलं. मग कुंपणाकडे बघितलं. घोसाळ्याच्या वेलाला लागलेला दुधी विज्ञानाचा मास्तर बघत राहिला. मग त्यांनी विशे सरांच्या उघड्या गळ्याकडे बघितलं. विशे सर आभाळाकडे बघत होते. हेडसर चष्मा पुसत होते. वहिनी माझ्यामागे.

वैशाली माठाच्या ओळीत जाऊन बसली होती. एक पान खुडून तिने तसंच तोंडात टाकलं, चावलं आणि गिळलं. आम्ही सगळे तिच्या गळ्याकडे बघत होतो. तिने दुसरं खुडलं.

"काय नाय म्हणत होता," ती म्हणाली. "मग हे काय? पीएच किती आला शेवटी?"

हा माणूस हजेरीपटावरसुद्धा कधी खोटं बोललेला नाही.

सर कुंपणापाशी गेले. एक मोठं पान ओढून त्यांनी ती निळीपांढरी दोरी झाकली, आणि दुधी खाली येऊ नये म्हणून त्याला हात लावून तसेच उभे राहिले.

"नाय बघितला गो," म्हणाले. "तू खुड."